सोळावीच्या हातातला बूट

मुरलीधर खांबेटे यांनी अबू धाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत चोवीस वर्षं काढली आणि या चोवीस वर्षांत कंट्रोल रूमच्या पडद्यावरच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवला नाही. टाकीत तेल किती आहे हे पडद्यावर मिलिमीटरपर्यंत दिसतं. तरीही मुरलीधर हेल्मेट चढवून टाकीचा गोल जिना चढत, वरच्या झाकणातून पितळी वजन लावलेली स्टीलची टेप आत सोडत आणि तेलाचा ओला डाग कुठवर आला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघत. याला तिकडे डिप घेणं म्हणतात. कंपनी त्यांना याचाच पगार देत होती, त्यामुळे हा स्वभाव की नोकरी, हे कोणाला वेगळं काढता आलं नाही. घरच्यांनी तो प्रयत्न लवकरच सोडला.

त्यांच्या हाताखाली रामेश्वर नावाचा एक फिटर होता. ऐन ऑगस्टमध्ये टाकीवर न चढता, एसी केबिनमध्ये बसून तो आकडे लिहून देई. मुरलीधरनी त्याला पकडला तो लेव्हलवरून नव्हे. लेव्हल कोणीही अंदाजाने लिहील. त्यांनी विचारलं, "तेलाचं टेम्परेचर किती होतं?" रामेश्वरने आदल्या दिवशीचं सांगितलं. मधल्या रात्री वाळूचं वादळ होऊन पारा उतरला होता, हे केबिनला माहीत नव्हतं. "खोटं बोलणारा माणूस मोठी गोष्ट पाठ करून येतो," मुरलीधर म्हणत. "त्याला बारीक विचारावं." ही गोष्ट ते दर गणपतीत आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात सांगत. मंडळींना ती तोंडपाठ होती. मुलीला तर पहिलीपासून.

मुलगी पर्णिका. सव्वीस वर्षांची, जन्म शारजाचा, मराठी समजणारी आणि अर्धं इंग्रजीत उत्तर देणारी. दुबईत एका कंपनीत कामाला होती. ती कंपनी शर्यतींची वेळ मोजते. पर्णिकाचं काम फोटो फिनिशचं: अंतिम रेषेवर रोखलेला कॅमेरा चालवायचा आणि कोण आधी आलं ते चित्रावरून वाचायचं. बापासारखंच मोजण्याचं काम म्हणून मुरलीधरना आधी अभिमान वाटला. मग त्यांनी विचारलं, "मशीन चुकलं तर?" आणि अभिमान तपासणीवर गेला.

मे महिन्यात तिने दोन कागद एकदमच टेबलावर ठेवले. पहिला एनओसी. अविवाहित असल्यामुळे ती अजून वडिलांच्या व्हिसावर होती आणि युरोपला जायचं तर वडिलांची हरकत नसल्याची सही लागत होती. दुसऱ्या कागदाला वजन जास्त होतं. कंपनी तिला स्वतःचा व्हिसा देत होती, आणि त्यासाठी मुरलीधरनी आपला व्हिसा रद्द करायला हवा होता. म्हणजे बापाने सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला जाऊन मुलगी कॅन्सल करण्याचा अर्ज द्यायचा. पुढे ती दुबईत राहायला जाणार हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण वाचता येत होतं.

"युरोपात काय आहे?"

"टीम चँपियनशिप, बाबा. ॲथलेटिक्स. पण यात माणूस जिंकत नाही, देश जिंकतो. सोळा देश. प्रत्येक इव्हेंटला एका देशाचा एकच खेळाडू. पहिल्याला सोळा पॉइंट, शेवटच्याला एक."

"शेवटच्यालाही?"

"फिनिश केलं तर. नाही केलं तर झीरो. अँड द बॉटम थ्री गो डाऊन अ डिव्हिजन. म्हणून शेवटचा माणूससुद्धा महत्त्वाचा."

मुरलीधरनी एनओसी तीनदा वाचली. स्पर्धा तीन दिवसांची, परवानगी बारा दिवसांची. आधी दोन दिवस यंत्रं लावायला, दोन दिवस येण्याजाण्याचे. पाच दिवस उरत होते. आणि खाली बारीक अक्षरात होतं: सोबत सहकारी, सिद्धार्थ गुंजाळ.

"एका देशाचा एकच माणूस," ते म्हणाले, "मग तुमच्या कंपनीचे दोघं कशाला?"

"तो नियम धावणाऱ्यांना आहे, बाबा. वी आर नॉट रनिंग."

"आणि हे पाच दिवस?"

"लीव्ह. फिरणार आहे." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात आईकडे गेली. तिथून हसण्याचा आवाज आला. मुरलीधरनी त्याचीही नोंद घेतली.

एनओसीवर त्यांनी सही केली. दुसरा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. "आधी जाऊन ये. मग बघू." बघू हा शब्द त्यांच्या तोंडी नेहमीच शब्दशः असे.

त्यांच्या डोक्यातला हिशेब सरळ होता. पोरगी स्पर्धेला गेलीच नसेल, तर ड्रॉवर उघडायचा प्रश्नच येत नव्हता. गेली असेल, तर मग पाच दिवसांचं बघता येईल. स्पर्धा इंटरनेटवर दिसणार होती. त्यांनी शुक्रवारची रजा टाकली, चोवीस वर्षांतली तिसरी. रुवैसच्या साहेबाला वाटलं घरात कोणी आजारी आहे. मुरलीधरनी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

शुक्रवारी दुपारी शारजातल्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून ते टीव्हीसमोर बसले. हातात वही, वहीत सोळा देशांचे रकाने. देशांची नावं त्यांना ओळखता येईनात, म्हणून त्यांनी कपड्यांच्या रंगावरून खूण केली: निळे, पांढरे, दोन प्रकारचे लाल. तळाच्या आसपास पिवळे नावाचा एक चिमुकला देश होता. तो दर शर्यतीत चौदावा-पंधरावा येत होता, पण येत होता.

त्यांच्या पत्नी स्मिता काकडीची थालीपीठं घेऊन आल्या. "कोण जिंकतंय?"

"ते माहीत नाही. ही कुठे दिसत नाहीये."

"ती वर काचेच्या खोलीत असते म्हणाली होती ना. कॅमेरा काय तिच्यावर लावतील? ती मोजते, पळत नाही."

"कॅमेरा सगळ्यांवर लावतात. पाणी देणाऱ्यावरसुद्धा लावला मघाशी."

"मग तिला पाणी द्यायला सांगा," असं म्हणून स्मिता ताट ठेवून गेल्या.

त्या दिवशी मुरलीधरनी तीनदा फोन केला. तिने एकदाही घेतला नाही. संध्याकाळी मेसेज आला: "बाबा ॲट वर्क. कॉल अलाऊड नाही. गुड नाइट." संध्याकाळी साडेसहाला गुड नाइट. कामावरचा माणूस साडेसहाला झोपायला जात नाही. तिथे तर साडेचारच वाजले होते. त्यांनी वहीच्या कोपऱ्यात वेळ लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या.

शनिवारी शंभर मीटरला दोघे इतके जवळून आले की निकालाच्या जागी नुसतं "फोटो" असं झळकलं. मुरलीधरनी आपल्या डोळ्यांनी निळा पहिला आलेला बघितला होता. निकालात लाल पहिला. "बघ!" ते स्मिताला म्हणाले. "मी सांगत होतो."

"काय सांगत होतात?"

"मशीनमागे कोणीतरी दुसराच बसलाय. आपल्या मुलीने असा घोळ घातला नसता."

"म्हणजे आता ती तिथे नाही याचा पुरावा काय, तर तिचं काम तुम्हाला पटलं नाही." स्मिता शांतपणे म्हणाल्या. "चांगलं आहे. बरोबर आलं असतं तर म्हणाला असतात, मशीनने केलं, हिने काय केलं?"

हे उत्तर मुरलीधरना आवडलं नाही, कारण त्यांच्याकडे नेमकं तेच तयार होतं.

रविवार शेवटचा दिवस. पिवळे तळापासून चौथे. एक गुण गेला असता तर शेवटच्या तिघांत जाऊन खालच्या गटात. मुरलीधरना पिवळ्यांबद्दल काही देणंघेणं नव्हतं, असं ते स्वतःला दोनदा म्हणाले. बायकांची तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत लागली. वाटेत लाकडी अडसर आणि एका अडसरापुढे पाण्याचा खड्डा. तिसऱ्या फेरीत पिवळी मुलगी पाण्यात पडली आणि उठली ती एका बुटावर. ती मागे पडली, आणखी मागे पडली, बाकीच्या पंधरा जणी आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि कॅमेऱ्याने सरळ उंच उडीकडे तोंड फिरवलं.

"अरे!" मुरलीधर उठून उभे राहिले. "ती आली का नाही?"

टीव्हीला ते ऐकू गेलं नाही. थोड्या वेळाने गुणांची पाटी आली. पिवळ्यांना एक गुण.

मुरलीधरांच्या मनातली जुनी घंटा वाजली. पाण्यात पडली, एक बूट गेला, पुढचं कोणी बघितलं नाही, आणि गुण मात्र मिळाला. नेमकं रामेश्वरसारखं. केबिनमध्ये बसून कोणीतरी टाकला एक आकडा. त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं की हीच आपली वेळ. ही मोठी गोष्ट नव्हती, बारीक होती, आणि टीव्हीवर दिसलेली नव्हती. जो रेषेपाशी आहे त्यालाच ती ठाऊक असणार. त्यांनी पर्णिकाला लिहिलं: "अडथळ्यांच्या शर्यतीत ती शेवटची आली ती कशी आली?" मेसेज गेला तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. ती वेळ त्यांनी वहीत घेतली.

उत्तर नाही. सहा चौदा. सहा सतरा. "शोधत असेल कुठेतरी," ते पुटपुटले.

सहा एकोणीसला उत्तर आलं. या वेळी सगळं मराठीत, आणि तिच्या मानाने लांबलचक:

"हातात बूट घेऊन आली. पाण्यातून काढला होता. रेषेवर हात पुढे केला, म्हणून फोटोत बूट आधी दिसतो, मग ती. बूट मोजत नाहीत बाबा, छाती मोजतात. सगळे उठले होते, सिद्धार्थ चहा आणायला गेला होता. मी कॅमेरा चालू ठेवला. नाहीतर तिचा टाइमच नसता."

मुरलीधरनी ते दोनदा वाचलं. पटण्यासारखं होतं, पण पटण्यासारखं तर रामेश्वरही बोलायचा. ते पडद्याकडे बघत राहिले. उंच उडी संपली, भालाफेक झाली. सहा एकतीसला पडद्यावर मघाच्या शर्यतीचा उरलेला तुकडा दाखवला: रिकाम्या ट्रॅकवर पिवळी मुलगी एकटी येत होती. एका पायात बूट होता, दुसरा हातात. रेषेपाशी तिने हात लांब केला.

सहा एकोणीस आणि सहा एकतीस. बारा मिनिटं आधी पोरीला माहीत होतं.

पुन्हा मेसेज आला: "बाबा, तुम्ही मला टेम्परेचर विचारलंत ना?"

मुरलीधरनी पेन वहीवर ठेवलं. लगेच दुसरा आला:

"इट्स ओके. आता लेव्हल विचारा. सरळ."

मुरलीधरनी चोवीस वर्षांत कोणाला सरळ विचारलं नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं: "पाच दिवस कोणाबरोबर?"

"सिद्धार्थबरोबर. लग्नाचं ठरवतोय. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. आईने विचारलं, तिला सांगितलं."

त्यांनी मान वळवली. स्मिता सोफ्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून. नाशिकचे आहेत ते. वडिलांचं दुबईत अल मनखूलला मसाल्याचं दुकान आहे. आपण गोडा मसाला तिथूनच आणतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वही घेऊन बसला होतात. म्हटलं, रीडिंग चालू आहे, मध्ये बोलू नये."

पिवळे खाली गेले नाहीत. एका गुणाने राहिले. मुरलीधरनी वही मिटली आणि थंड थालीपीठ खाल्लं.

पुढच्या महिन्यात सिद्धार्थ घरी आला. उंच, चष्मा लावणारा, दारातच वाकून नमस्कार करणारा. मुरलीधरना असा नमस्कार मुळातच संशयास्पद वाटे. पगार, घर, गाव यातलं त्यांनी काही विचारलं नाही. चहा आल्यावर म्हणाले, "त्या शेवटच्या दिवशी, अडथळ्यांच्या शर्यतीच्या शेवटी, तू कुठे होतास?"

सिद्धार्थने पर्णिकाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"चहा आणायला गेलो होतो, काका." त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं सगळे आले. चूक झाली. हिने सांभाळलं."

मुरलीधरनी मान डोलावली. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेलं रीडिंग जुळलं की सही करायची, हा रुवैसचा नियम होता. शिवाय स्वतःची चूक पहिल्याच प्रश्नाला कबूल करणारा माणूस त्यांनी टाक्यांवर फारसा बघितलेला नव्हता. हाही कदाचित पढवलेला असेल, अशी एक शंका त्यांच्या मनात राहिली. ती त्यांनी राहू दिली. अगदीच रिकाम्या टाकीत हवा भरते, म्हणून तळाशी थोडं तेल ठेवतातच.

सोमवारी सकाळी रजा काढून ते टायपिंग सेंटरमध्ये गेले. चोवीस वर्षांतली चौथी. काउंटरवर साजिदा नावाची मुलगी होती. अर्ज भरून झाल्यावर तिने विचारलं, "अंकल, बेटी का वीज़ा कैंसल करना है, पक्का ना? बाद में बोलोगे तो नहीं होगा."

"स्क्रीन इधर घुमाओ," मुरलीधर म्हणाले.

तिने पडदा वळवला. त्यांनी चष्मा पुसला, आणि पर्णिकाच्या पासपोर्टचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मागे रांगेतला कोणीतरी खाकरला. त्यांनी परत पहिल्यापासून वाचला. तिसऱ्यांदा बोट पहिल्या आकड्यावर गेलं आणि तिथून मागे आलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग लक्षात येऊन म्हणाले, "सही है. यल्ला, कर दो."