गावपळणीत बंद राहिलेलं दार

बाळांनो, तुमच्या बाबाने गाव का सोडलं, असं तुम्ही फोनवर आजीला विचारलंत. सांगते.

गावात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. बाबा घरी बसून कोल्हापूरच्या एका डायलिसिस केंद्राचं काम पाहायचा. रुग्णांच्या पाळ्या आणि नोंदी दूर देशातल्या, भाड्याने घेतलेल्या यंत्रावर असत. ते यंत्रही खरं वेगळं नव्हे. एका मोठ्या यंत्राचे अनेक भाग पाडून त्यातला एक आपल्याला दिलेला. त्याच्याकडे जगभरातून कोणीही येऊ शकतं, म्हणून कोणाला आत घ्यायचं याचे नियम बाबाने घातले होते. केंद्राच्या इंटरनेट जोडणीवरून आलेला आत येईल. नियम बदलायचे तर फक्त आपल्या घरच्या जोडणीवरून. आत शिरायला लागणारी किल्लीची फाइलही घरच्याच कॉम्प्युटरात. घरासारखी सुरक्षित जागा नाही, असं तो म्हणे.

त्या वर्षी गावपळण आली. देवाचा कौल झाला की आपलं सगळं गाव गुरा-कोंबड्यांसकट तीन रात्री वेशीबाहेर राहतं. मागे कोणी घरात पाऊल टाकायचं नाही, दिवासुद्धा लावायचा नाही. आम्ही ओहोळापलीकडे झावळांची खोपी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातून फोन आला. त्यांची जुनी जोडणी बंद पडली होती. नवी घेतली, पण यंत्र तिला ओळखेना. रुग्ण येऊन बसले होते आणि कोणाच्या अंगातून किती पाणी काढायचं याच्या नोंदी आत अडकल्या होत्या.

घर ओहोळाच्या गावाकडच्या काठावर, समोर दिसत होतं. मी त्याला म्हटलं, जा, देवाला माणसाचा जीव कळतो. तो ओहोळापर्यंत गेला. तिथे गावचे मानकरी बसले होते. त्यांना त्याने सगळं सांगितलं.

“जा बाबा, तुका कोण अडवतलो?” ते म्हणाले. “पण तू गेलंस की दुसरो येतलो. तेचीय अडचण खरीच असतली. तेका मी काय सांगू?”

बाबा तिथूनच मागे फिरला. मग फोनवरून त्याने केंद्राच्या डॉक्टरांची माफी मागितली. केंद्रातल्या नर्सने प्रत्येक रुग्णाला पुन्हा तपासून, नातेवाइकांना विचारून, कागदावर मांडून काम केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं डायलिसिस झालं. कोणाला अपाय झाला नाही.

डॉक्टर एवढंच म्हणाले, “माझे पेशंट तुमच्या देवाच्या कौलावर ठेवता येणार नाहीत.”

त्यांचं चुकलं, असं मला आजही म्हणता येत नाही. मानकऱ्यांचंही नाही.

परत यायचा कौल मिळाला, गाव परतलं. बाबाने चुलीआधी कॉम्प्युटर लावला. केंद्राची नवी जोडणी आत घेतली, नियम बदलायचा अधिकार डॉक्टरांच्या माणसाकडे दिला आणि शेवटी नियमांतली आपल्या घराची ओळ स्वतःच्या हाताने पुसली. आता इथून कोणी आत जाऊ शकणार नाही, असं मला सांगून तो आंघोळीला गेला.

गावात बसून असं काम पुन्हा धरायचं नाही, असं त्याने ठरवलं, आणि पुढच्या पावसाआधी तो तुमच्या देशात पोचला होता.