त्याचा पहिल्या नंबरचा सिनेमा

कतारमध्ये फुटबॉल वर्ल्डकपचं स्टेडियम बांधत होतो, तेव्हा दोहातल्या अबू हमूरहून सुटणाऱ्या स्टाफ बसमध्ये एक आयरिश फोरमन रोज माझ्या शेजारी बसायचा. आवडते आयरिश सिनेमे बोटं मिटत मोजायचा. अंगठा मात्र उघडाच ठेवायचा.

"पहिला नंबर कुठाय? चांगले सिनेमे संपले वाटतं तुमचे!" मी एकदा डिवचलं.

"आहे ना. त्यात ननांच्या लाँड्रीत कोंडलेल्या पोरींचे हाल होतात, अख्ख्या गावाला ठाऊक असतं, पण गाव गप्प. आमचं गावही तसंच. मीही गप्पच होतो."

मी हादरलो. आदल्या दिवशी आमचा एक मजूर ऊन लागून गेला होता, आणि त्याला दुपारची सुट्टी दिल्याच्या खोट्या कागदावर सही माझी होती.

"यल्ला, चल, साइट आली," तो म्हणाला.

मी उतरलो. त्या सहीचं आज पहिल्यांदाच सांगतोय.