आधीची मुलगी

"परत म्हण," मॅडम म्हणाल्या. "मगाशी म्हणालीस ना, अगदी तसंच. घाबरू नकोस."

मी परत म्हटलं, "मी करंज्याची हाय. बी.कॉम. झालेय. माजी आय पनवेलच्या बाजारात सुकी मच्छी इकते."

समोर पंचवीसेक जण बसलेले. पहिल्यांदा ते तोंडावर हात ठेवून हसले होते. या वेळी हात कुणी ठेवला नाही. मॅडमनी माझ्यावर मोबाइल धरला होता, तो मला तेव्हा दिसला. "सुंदर!" त्या वर्गाला म्हणाल्या. "हे आपलं बिफोर. तीन महिन्यांनी हिचं आफ्टर बघा."

पनवेलमधला भाषणकलेचा वर्ग. स्वतःची ओळख कशी करून द्यायची, पाहुण्यांचा परिचय कसा करून द्यायचा, चारचौघांत न अडखळता कसं बोलायचं, हे तिथे शिकवतात. माझा पहिला दिवस होता. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. त्याचा संताप अजून जात नाही. त्यांच्यावरचा कमी, माझ्यावरचा जास्त.

हौस म्हणून मी गेले नव्हते. तीन ऑफिसांत मुलाखती दिल्या होत्या. तिन्हीकडे पहिला प्रश्न तोच. "स्वतःबद्दल सांगा." मी तोंड उघडलं की टेबलापलीकडची माणसं एकमेकांकडे बघायची. पुढचा प्रश्न कधी आलाच नाही. मॅडमनी माझी फी माफ केली. बदल्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा फुकट डेमो असतो, तिथे माझा तो व्हिडिओ पडद्यावर लावायचा आणि मग मी उभी राहून नव्या पद्धतीनं बोलायचं. मी चक्क त्यांच्या पाया पडले.

शिकवायच्या मात्र छान. खोटं कशाला बोलू? "आधी नाव सांगा. मग थांबा. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. परिचय म्हणजे पदव्यांची यादी नव्हे, ऐकणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे." मी घोटून घोटून शिकले. उरणजवळच्या आमच्या करंजा बंदरावर बोटी नसायच्या तेव्हा धक्क्यावर उभी राहून मोठ्यानं बोलायचे. तीन महिन्यांत माझ्या तोंडातून करंजा गेलं. हे मी ज्या मराठीत लिहितेय ना, ती तिथलीच.

डेमोत टाळ्या पडू लागल्या. मॅडमना आणखी हवं होतं. "व्हिडिओत ती मजा नाही गं. लाइव्ह करून दाखव. आधीची तू." केलं. "अजून थोडं गावाकडचं कर ना. एक्स्प्रेशन्स दे."

आणि मी आईची नक्कल केली.

पदर कमरेला खोचला. एक हात कमरेवर, दुसऱ्यानं हवेतला बोंबील गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरला. "घे गो बाय, करंज्याचा हाय, खाऊन तं बग!" हॉल नुसता फुटला. मग मी पदर सोडला, माइक हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, "नमस्कार. आता माझी खरी ओळख करून देते." टाळ्याच टाळ्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिणार. असं मी पाच डेमोंत केलं.

सहाव्याला आई आली. मी तिला घरी सांगितलं होतं की मी भाषणं करते, मोठी माणसं ऐकायला येतात. त्या रविवारी बाजार लवकर आवरून, मासळीची पाटी हॉलच्या पायऱ्यांवर ठेवून ती गुपचूप शेवटच्या रांगेत येऊन बसली. मला माहीत नव्हतं. मी नेहमीसारखा पदर खोचला.

कार्यक्रम संपल्यावर दारात गाठ पडली. आईच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं. शेजारी मॅडम फॉर्म वाटत उभ्या. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"या आई का तुझ्या? अगं, सेम टू सेम!"

आईनं त्यांना हात जोडले. मी काही बोलले नाही. बोलायला शिकलेली मी.

एसटीत ती खिडकीकडे बसली. अर्ध्या रस्त्यात एकच वाक्य. "मी अशी बोलते गो?"

त्यानंतर ती रागावली असती, रडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली. घरी कुणी आलं की मला पुढे करायची. "तू बोल. तुजं चांगलं हाय." मला वाटलं, होईल ठीक चार दिवसांत. एकदा तिचा डबा राहिला म्हणून मी बाजारात गेले. एक बाई भाव विचारत होती. आईनं बोटं वर केली. बाई म्हणाली, ताजे आहेत का? आईनं मान हलवली. तोंड मिटलेलं.

आणि हीच माझी आई. सुक्या मासळीच्या बायकांना बाजारातून उठवायला नगरपालिकेचा साहेब माणसं घेऊन आला होता, तेव्हा सगळ्या रांगेच्या वतीनं ही एकटी उभी राहिली होती. मी शाळेत होते, बाजूलाच बसले होते. तिनं आधी आपलं नाव सांगितलं. मग किती वर्षं इथे बसते ते सांगितलं. मग त्या साहेबाच्या डोळ्यांत बघत थांबली. शेवटी साहेबानंच मान खाली घातली. मॅडमनी शिकवलेलं सगळं मी त्या दिवशी पाहिलेलं होतं. फुकट. आणि पाच-सहा वेळच्या टाळ्यांसाठी मी तिचंच तोंड बंद केलं होतं. डबा तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता निघाले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी डेमोला गेले. मॅडमनी माइक दिला. मी पदर खोचला नाही.

"बिफोर, बिफोर," त्या बाजूनं कुजबुजल्या.

"बिफोर नाय," मी माइकवरच म्हटलं. एक जण सवयीनं हसला. मी त्याच्या डोळ्यांत बघत थांबले. तो थांबला. मग मी माझं नाव सांगितलं, आणि पुढे म्हटलं, "मी करंज्याची हाय. माजी आय पनवेलात सुकी मच्छी इकते. बोलायचं कसं ते तिनं मना दाखवलं. तिची नक्कल करायला मी हितं शिकले. ती आता बोलत नाय. मी पुना नक्कल करनार नाय."

मॅडमनी माइक काढून घेतला. लोकांकडे बघून गोड हसल्या. "जरा इमोशनल झालीय आपली मुलगी."

नंतर आतल्या खोलीत त्यांचा आवाज वेगळा होता. "तुला ट्रेनर करणार होते मी. हे उपकार फेडलेस?"

मी म्हटलं, "तो व्हिडिओ काढून टाका."

"तो का काढू? ते माझं मटेरियल आहे."

मटेरियल. माझी आई, माझं गाव, माझा पहिला दिवस, सगळं त्यांचं मटेरियल.

मी वर्ग सोडला. ट्रेनरची होणारी नोकरी गेली, दुसरी अजून मिळालेली नाही. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं सुका जवळा निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "झालं ना? सोड आता." मला मिठीबिठी मारली नाही. बाजारात ती आजही बोटंच दाखवते. मी केलेलं एका भाषणानं पुसलं जाणार नाही, हे मला कळतं.

तो व्हिडिओ अजून लावतात. लोक अजून हसतात.

पण डेमो सगळ्यांना खुला असतो. फुकट असतो. हॉलबाहेरच्या बोर्डावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. म्हणून पहिल्या रविवारी मी जाणार. पुढच्या महिन्यात जाणार, त्याच्या पुढच्याही. पहिल्या रांगेत बसणार. पडद्यावर ती मुलगी "मी करंज्याची हाय" म्हणाली आणि हॉल हसला, की मी उभी राहणार. नाव सांगणार. थांबणार. आणि शेवटचा हसणारा गप्प होईपर्यंत खाली बसणार नाही.