गडद लाल डाग

आमची आत्या दुधाचं पातेलं दोनदा हुंगते आणि कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते. नकाशांच्या कचेरीत तिला सगळे ‘खात्रीबाई’ म्हणतात, अर्थात तिच्या माघारी. उपग्रहाने वणव्याआधी आणि वणव्यानंतर काढलेली चित्रं ताडून कुठे किती जळलं ते रंगवायचं, हे तिचं काम. थोडं होरपळलं तर पिवळा, पार राख झाली तर गडद लाल.

यंदा आमच्या डोंगरात वणवा लागला, तेव्हा तिच्या नव्या साहेबांनी हौसेने स्वतःच त्याचा नकाशा केला. गडद लाल डाग नेमका बाबांच्या चौकीभोवती आला. बाबा वनरक्षक. वणवा पसरू नये म्हणून त्यांनी गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवला होता. तीच आग हाताबाहेर गेली, असं सगळ्यांनी धरलं. बाबांची नोकरी जायची वेळ आली.

आम्हाला वाटलं, आत्या भावाची बाजू घेईल. कसलं काय! तिने घरी येऊन बाबांची काडेपेटी टेबलावर ओतली आणि किती ओढल्या गेल्या ते बघायला उरलेल्या काड्या मोजल्या.

"पट्टा पूर्ण विझेपर्यंत थांबला होतास ना? खरं सांग."

"ताई, सख्ख्या भावावर संशय?"

"नकाशावरही आहे. तुझ्या एकट्यावर नाही."

मला तिचा भयंकर राग आला. तरी दुसऱ्या दिवशी मीच तिच्याबरोबर चौकीच्या उतारावर गेले. झाडं खराट्यासारखी उघडी होती. तिने नखाने साल खरवडली, आतून हिरवी निघाली. पायाखाली वाळका पाचोळा चुरचुरत होता.

"इतकं जळलं असतं, तर हा पाचोळा उरला असता का?"

कचेरीत तिने चित्रांच्या तारखा काढल्या. आधीचं चित्र भरगच्च पालवीतलं, नंतरचं पानगळीतलं. साहेबांनी गळलेली पानं जळालेली धरली होती! आत्याने आधीचं चित्र गेल्या वर्षीच्या पानगळीतलं घेतलं, तसा लाल डाग डोंगरापलीकडे सरकला. पण बहिणीचा नकाशा कोण मानणार? तिने आपला डाग कुठे आला ते न सांगता एका सहकाऱ्याला तेच काम पहिल्यापासून करायला लावलं. त्याचाही डाग पलीकडेच आला.

बाबा कामावर परत रुजू झाले, त्या संध्याकाळी तिच्याकडे गेले. खिशातली काडेपेटी तिच्यापुढे ठेवली.

"मोज."

"राहू दे रे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"नाही, मोज. तू अशी मोजत बसतेस म्हणून वाचलो मी."

आत्याने डोळे पुसले आणि खरंच मोजल्या.