नाशिकच्या रेडचे परीक्षक

सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला सत्तरच्या वर मार्क दिले नाहीत. हैदराबादला नारायणगुड्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले, आणि निवृत्त झाल्यावर वाईन तपासायला बसले. वाईन म्हणजे फक्त रेड, आणि तीही फक्त नाशिककडची. दुसरीकडची कुणी भेट दिली तर न उघडता परत करायचे. म्हणायचे, "त्या सेंटरचे पेपर माझ्याकडे येत नाहीत."

आमची ओळख मराठी मंडळाच्या कोजागरीला झाली. मी मूळची नाशिकची, नोकरीसाठी कुकटपल्लीत एकटी राहणारी. हे कळल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "नाशिकच्या काय? मग तुमच्याकडे काम आहे." दुसऱ्या रविवारी चार वाजता मी त्यांच्या फ्लॅटवर हजर. आईला फोनवर सांगितलं, एका निवृत्त शिक्षकांकडे जातेय. कशाला, ते सांगण्याची माझी काय बिशाद!

पद्धत ठरलेली होती. बाटली मी आणायची, वर्तमानपत्रात गळ्यापर्यंत गुंडाळायची आणि त्यावर नुसता नंबर घालायचा. नाव दिसलं की परीक्षक बिघडतो, असं त्यांचं मत. बूच मात्र तेच काढायचे, कारण पेपरचं पाकीट परीक्षकच फोडतो. रंगाला दहा, वासाला चाळीस, चवीला चाळीस आणि गिळल्यावर जे मागे राहतं त्याला दहा. मध्ये तोंड साफ करायला साधा पाव. मी एकदा मिरची भजी नेली तर ती त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि सगळं आटोपल्यावर एकट्यानं निम्मी संपवली.

शेरे मात्र असे मारायचे की बाटलीलाही लाज वाटावी. रंग सुरेख पण चव पाणचट असली की "अक्षर छान, उत्तर नाही." लाकडाच्या पिंपाचा वास फार येत असला की "पाठांतर." कोवळ्या वाईनला "घाईत लिहिलेला पेपर, पण मुलगा हुशार." मी म्हणायची, सर, पाच मार्क वाढवा की, माझ्या गावचं पोर आहे. "नक्को," ते म्हणायचे. हैदराबादेत जन्म गेलेला, त्यामुळे नकोपेक्षा नक्को अधिक ठाम.

सरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंगळूरला. त्याचा फोन आला की सर "हौ, हौ, ठीक आहे" एवढंच बोलायचे आणि फोन ठेवून पुन्हा ग्लास हातात घ्यायचे. खरं सांगायचं तर माझंही आठवडाभर लॅपटॉपशिवाय कुणाशी बोलणं नसायचं. रविवारची मी शाळकरी मुलीसारखी वाट बघायची.

दुसऱ्या वर्षी सर तापानं आजारी पडले. उठले तेव्हा बारीक झाले होते, आणि नियमही एक बदलला होता. आता पहिला घोट माझा. "तू घे आधी, मी मग घेतो. तयार झालीस आता." मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. मी घोट घ्यायची, ते माझ्याकडे बघत राहायचे, मग स्वतः घ्यायचे आणि मार्क लिहायचे. दीड वर्ष हे असंच चाललं. आमचे दोघांचे अंदाज किती जुळतात म्हणून मी ऑफिसात फुशारक्याही मारल्या.

मग त्या मे महिन्यात माझी दाढ काढली. डॉक्टरांनी आठवडाभर दारूचं नाव काढू नका म्हणून सांगितलेलं. मी बाटली तेवढी नेली. ती महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात तापलेल्या भिंतीला टेकून होती, हे डोक्यातच आलं नाही. सरांनी बूच काढलं, ग्लास फिरवला, माझ्याकडे पाहिलं. मी गालाला रुमाल लावून बसलेले. त्यांनी घोट घेतला, बराच वेळ लावला आणि लिहिलं, अठ्ठावन्न. शेरा, "कष्टाळू."

ग्लास उचलायला मी वाकले आणि नाकात झिणझिण्या आल्या.

"अहो सर, ही तर आंबलीय. चक्क व्हिनेगर झालंय." आणि मी हसले. दाढ दुखत असताना हसले.

त्यांनी पेनला टोपण लावलं. "तापानंतर नाक परत आलंच नाही," ते म्हणाले. "चव पण गेली त्याच्याबरोबर."

"मग इतके दिवस मार्क?"

"तुझं तोंड बघून. तुला काही लपवता येत नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर तू काइकू आली असतीस?"

"असं काय बोलता सर? आलेच असते," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

पुढच्या रविवारी बाटली घेऊन गेले तर ती त्यांनी उघडलीच नाही. परीक्षकाला वाचता येत नसेल तर त्यानं पेपर घेऊ नये, एवढंच बोलले. आम्ही चहा घेतला. त्याच्या पुढच्या रविवारीही चहाच. बोलायला विषय सापडेना. मग एका रविवारी ऑफिसचं काम निघालं, एकदा पाहुणे आले, एकदा नुसता कंटाळा आला. फोन करीन करीन म्हणताना दिवाळी उलटली.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तेव्हा दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "साब बंगलौर गए अम्मा, बेटा आके ले गया." मी निघाले, तर मागून त्यानं सांगितलं, "जाने तक हर इतवार चार बजे नीचे आके पूछते थे, मॅडम की गाडी आई क्या."

त्या सगळ्या रविवारांना चार वाजता मी कुठे अडकले होते, ते फार आठवून पाहिलं. कुठेच नाही. घरीच होते, कपडे वाळत घालत.