दोन विमानतळांमधली ताई

माझी थोरली बहीण टॅक्सी चालवते, दोन विमानतळांच्या मध्ये. आमच्याकडे एक जुना विमानतळ आहे, एक डोंगरापलीकडे नवा, आणि तिकिटावर दोन्हींना एकाच शहराचं नाव! त्यामुळे रोज कुणीतरी जुन्यावर उतरतं आणि पुढचं विमान नव्यावरून आहे म्हटल्यावर कपाळाला हात लावतं. मग ताईची टॅक्सी. डोंगराला वळसा घालता घालता अडीच तास जातात. म्हणून ताईचा नियम: गिऱ्हाइकाने आधी तिकीट मोठ्याने वाचून दाखवायचं, मगच किल्ली फिरणार. मग तो कितीही मोठा साहेब असू दे.

तर या ताईची लेक, आमची बबडी, वैमानिक झाली. लहानपणी झोपाळ्यावरसुद्धा डोळे मिटून बसायची ती! आणि नोकरी कुठे लागली, तर याच दोन विमानतळांमध्ये नव्याने सुरू झालेल्या छोट्या विमानावर. वरून जेमतेम वीस मिनिटं. मी म्हटलं, घ्या, लेकीनेच आईचा धंदा बुडवला. ताईला त्याचं काही नव्हतं. तिला एकच ध्यास, बबडी पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडेल तेव्हा आपण त्या विमानात असायचं. जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता तिने.

तो दिवस उजाडला. मीही सोबत निघाले. वाटभर दोघींची तोंडं अखंड चालू. टॅक्सी नेहमीच्या जागी उभी राहिली, तसं रखवालदाराने विचारलं, आज गिऱ्हाईक कुठंय?

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. बबडीचं विमान नव्यावरून सुटणार होतं, आणि आम्ही सवयीने जुन्यावर येऊन ठेपलो होतो! दुनियेला तिकीट वाचायला लावणाऱ्या बाईने स्वतःचं उघडूनही पाहिलं नव्हतं. आता डोंगर ओलांडायला वेळ कुठला? मी अशी भडकले, तोंडाला येईल ते बोलले. ताई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली, तेव्हा माझं मलाच कसंतरी झालं.

शेवटी रखवालदारच म्हणाला, अहो, ते विमान उतरणार तर इथेच ना.

धावत कुंपण गाठलं. विमान आलं, वाकलं, टेकलं! मी लाजबीज सोडून चक्क नाचले. थोड्या वेळाने बबडी टोपी काखेत मारून पळत आली. सगळ्या खुर्च्या पाहिल्या, तू कुठेच नाहीस, पाणी पाणी झालं काळजाचं, असं आईवर डाफरली आणि तिच्याच गळ्यात पडली. परतीच्या फेरीला एक जागा रिकामी होती. तिकीटखिडकीवरच्या माणसाने ताईचं तिकीट बदलून दिलं. ज्या टॅक्सीला ताईने कधी कुणाला हात लावू दिला नाही, तिची किल्ली तिने माझ्या हातावर ठेवली.

मी एकटी निघाले. घाट चढत होते तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. गाडी बाजूला घेऊन घसा बसेपर्यंत ओरडले मी.

नव्यावर पोहोचले तेव्हा ताई बाकावर बसली होती. डोळे लालबुंद. कसं वाटलं, विचारलं.

"चढले काय नि उतरले काय," ती म्हणाली. "लेक मला घेऊन उडत होती गं. एवढे जवळ कशाला बांधून ठेवलेत मेल्यांनी हे विमानतळ?"