पाठीचं माप

माझी मावशी कोट शिवायची आणि बरोब्बर तिच्या समोर आणखी एक जण कोट शिवायचा. गल्ली त्यांना शिंपीकाका म्हणायची. मावशी फक्त 'समोरचा' म्हणायची, तेही नाक मुरडून. अजूनही झोपेत मला ती अरुंद गल्ली दिसते. दुपारची वेळ, दोन्ही दुकानांतून इस्त्रीची वाफ बाहेर येऊन मधोमध मिसळलेली, आणि दोन काचांआडून दोन रिकामे कोट एकमेकांकडे बघत उभे. कुठली वाफ कुणाची, हे स्वप्नातही सांगता येत नाही.

त्यानं काचेत निळा कोट लावला की चार दिवसांत हिचा त्याहून निळा लागायचा. "कॉलर बघा त्याची, मान अवघडल्यासारखी," असं ती गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतपतच हळू म्हणायची. मावशी भांडखोर होती, उगाच का लपवू?

पण वर्षातून एकदा ती मुकाट्यानं रस्ता ओलांडायची, कारण स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही. मी घेते म्हटलं तर म्हणायची, "त्यापेक्षा चादर गुंडाळून फिरेन." मग तो हिचं माप कागदावर लिहून द्यायचा, ही त्याचं. दोघांच्या अंगावरचा कोट हीच त्यांची जाहिरात. एका इंचाची लबाडी केली असती तर दुसऱ्याचं हसं झालं असतं. तीस वर्षांत कुणी केली नाही.

त्या वर्षी गावच्या बँडला चाळीस कोट हवे होते. दोघांनी बँडमास्तरच्या मापाचा एकेक नमुना शिवायचा, पसंत पडेल त्याला काम. त्याच आठवड्यात मावशीचा नवा कोट तयार झाला. तिनं आरशासमोर घातला, तर उजवा खांदा लोंबत होता. दोनदा उसवून शिवला, तरी तेच. शेवटी मी टेप लावली. उजवा खांदा एक इंच उतरला होता, इतकी वर्षं इस्त्रीवर भार देऊन. समोरच्याच्या कागदावर मात्र दोन्ही खांदे सारखे होते.

"शेवटी दगा दिलाच," म्हणत मावशी तरातरा निघाली. मी मागोमाग.

तिनं कागद त्याच्या पुढ्यात आपटला. "वाचा."

त्यानं तो नाकापाशी नेला, उजेडाकडे धरला, पुन्हा नाकापाशी आणला. मग खाली ठेवला.

"बाई, तीन वर्षं झाली, आकडे दिसत नाहीत. चष्म्यानंही काही होत नाही. तुमचं जुनं माप ध्यानात आहे, तेच लिहितो. तुम्ही बदलाल असं वाटलंच नाही."

"आणि शिवता कसे?"

"कापड हाताला कळतं, जुन्या गिऱ्हाइकांची मापं पाठ आहेत. टेप तेवढी कळत नाही. परवा बँडमास्तर येतोय. त्याचं माप चुकलं की हे दुकान संपलं."

मावशी दुकानात परतली. आता तिनं नुसतं गप्प बसायचं होतं, काम आपोआप चालत आलं असतं. खरं सांगते, ती गप्प बसावी असंच मला वाटत होतं. पण तिनं स्वतःची जुनी टेप काढली, जाड दोरा ओवला आणि दर इंचावर एक गाठ घालत गेली, दर पाचव्या इंचावर दोन. अख्खी दुपार ती काचेतल्या उन्हात बसून होती. मशीन बंद होतं, वाफ नव्हती, आणि गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी शांत होती.

संध्याकाळी तिनं ती टेप त्याच्या टेबलावर टाकली. "बोटांनी मोजा. दिसत नाही म्हणून हरलेला माणूस मला नको."

काम त्याला मिळालं.

आठ दिवस मावशीनं काचेवरचा पडदा उघडला नाही. "कॉलर अजून तशीच अवघडलेली आहे," एवढंच ती मला तीन-चारदा म्हणाली. डोळे लाल होते, पण विचारायची माझी छाती झाली नाही.

नवव्या दिवशी ती रस्ता ओलांडून गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याची बोटं गाठीगाठीवरून सावकाश सरकली, अंधारात जिना उतरावा तशी. उजव्या खांद्यापाशी थांबली. त्यानं पुन्हा मोजलं.

"बाई, एक इंच..." तो अडखळला. "अर्धाच लिहू का?"

मावशीनं डोळे मिटले होते.

"अहो, खरं लिहा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मला तुम्हाला हरवायचंय."